घरात कोणी नाही

आपल्या अंकासाठी काहीतरी लिही, असं मंडळातल्या एका काकांनी मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी टाळलं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला; कोडच्या डोक्यावर दोन ओळींची टीप लिहायची तरी माझ्या जिवावर येतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात जे झालं ते मी आतापर्यंत तीन-चार मित्रांना फोनवर सांगितलंय, आणि प्रत्येकानं नंतर आपापल्या घरातलं काहीतरी तपासून बघितलं. तेव्हा एकदा लिहूनच टाकतो.

मी राजेंद्रनगरचा, इंदूरलाच बीई झालो. गेली सात वर्षं अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. आपल्याकडे थंडी म्हणजे काय, तर जानेवारीत पारा सात-आठवर आला की सकाळी दुपारी गच्चीवर ऊन खायचं, संध्याकाळी सराफ्यात गरम गराडू आणि रात्री रजई. मिनियापोलिसला त्याच जानेवारीत रात्री उणे २० सेल्सिअस ही बातमीसुद्धा नसते. तिथे घर गरम ठेवणं ही चैन नाही. हिटिंग रात्रभर बंद राहिलं तर भिंतीतल्या पाइपांमधलं पाणी गोठतं, पाइप फुटतात, आणि बर्फ वितळल्यावर घरात तळं होतं. माणसांचं काय होईल ते वेगळंच.

बहुतेक घरांच्या तळघरात फर्नेस असते. गॅसवर हवा तापवायची आणि पत्र्याच्या नळकांड्यांतून ती खोल्याखोल्यांत सोडायची, एवढं तिचं काम. ते कधी करायचं हे तिला भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगतो. तो स्वतः काही तापवत नाही. तो मुकादम. खोलीचं तापमान बघतो आणि ‘लाग कामाला’ किंवा ‘पुरे आता’ हे दोनच हुकूम देतो.

आमचं घर जुनं, १९५०च्या दशकातलं. त्यात भिंतीवर पिवळट पडलेला एक गोल थर्मोस्टॅट होता. हा गोल थर्मोस्टॅट तिकडे फार प्रसिद्ध आहे. हनीवेलनं तो १९५३ मध्ये आणला, रूप हेन्री ड्रेफस या डिझायनरचं. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी गुंडाळलेली असते. गारठा वाढला की ती वळते आणि तिच्यावरची पाऱ्याची काचेची कुपी एका बाजूला कलंडते. पारा वाहत जाऊन दोन टोकं जोडतो, फर्नेस चालू. ना सेल, ना वायफाय. मुळात हा धंदाच आमच्या गावचा. १८८५ च्या सुमारास आल्बर्ट बट्झ नावाच्या स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसानं तिथे एक यंत्र केलं: घर गार झालं की कोळशाच्या भट्टीची हवेची झडप आपोआप उघडायची आणि विस्तव फुलायचा. त्याच्या कंपनीतूनच पुढे हनीवेल उभी राहिली. त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉरेन जॉन्सन या शिक्षकानं एक पेटंट घेतलं होतं. त्याच्या कॉलेजात शिपाई वर्गावर्गात शिरून गारठा आहे की उकाडा ते बघायचा आणि तळघरात जाऊन झडपा फिरवायचा. जॉन्सनला तासात येणारा हा व्यत्यय नको होता. त्यानं वर्गात थर्मोस्टॅट लावला आणि तळघरात घंटा. मला हे वाचून गंमत वाटली. म्हणजे सुरुवातीला घंटेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता.

असो. ऑक्टोबरमध्ये मी तो गोल थर्मोस्टॅट काढला आणि स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. कारण सांगायचं तर गॅसची बचत. खरं कारण, फोनवरून घर तापवता येतं याची हौस. मुलगी तेव्हा महिन्याची होती. बायको जानेवारीत कामावर रुजू होणार होती आणि तिला सांभाळायला डिसेंबरमध्ये आई-बाबा इंदूरहून येणार होते. आजी-आजोबा यायच्या आत घर एकदम टकाटक करून ठेवायचं, असं माझ्या मनात होतं.

मी शेड्यूल लावलं. सकाळी ६.३० ला ७० फॅरनहाइट म्हणजे साधारण २१ सेल्सिअस, दिवसभर तेच, रात्री १० नंतर ६५. दोन महिने सगळं झकास चाललं.

आई-बाबा आले आणि आठवड्याभरात रात्री तीनला घरात उकडायला लागलं. पांघरुणं फेकून द्यावीत इतकं. मुलगी घामानं भिजून रडायची. शेड्यूल उघडून बघितलं तर त्यात रात्री तीनची एक नवी ओळ: ७५. ही मी लिहिलेली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की आपलं यंत्र ‘शिकणारं’ आहे. तुम्ही रोज एका वेळी हातानं तापमान वाढवलंत, तर दोन-चार दिवसांत ते तुमची सवय समजून शेड्यूलमध्ये घालून टाकतं. आणि वाढवत होते बाबा. इंदूर आणि मिनियापोलिस यांच्यात हिवाळ्यात साडेअकरा तासांचा फरक. रात्री तीनला बाबांच्या अंगात दुपारचे अडीच वाजलेले असायचे. ते उठून हॉलमध्ये बसायचे आणि थंडी वाजली की चकती फिरवायचे. पहिल्या आठवड्यातला जेटलॅग यंत्रानं घरची रीत म्हणून लिहून घेतला होता. बाबा केव्हाच वेळेवर झोपायला लागले, पण त्यांचा जेटलॅग भिंतीवर राहिला.

मी शिकण्याची सोय बंद केली, ती ओळ पुसली. आणि मग एक गोष्ट केली जी मला अजून खुपते. यंत्राला चार आकड्यांचं कुलूप घातलं आणि बाबांना म्हटलं, “बाबा, आता याला हात लावू नका बरं का. सगळं आपोआप होतं.”

“नाही लावत,” बाबा म्हणाले.

नाताळच्या सुट्टीत कडाक्याची थंडी पडली. उणे २४. पहाटे चारला बायकोनं मला हलवलं. नाकाचा शेंडा बर्फ झालेला. थर्मोस्टॅटचा पडदा काळा ठिक्कर, बटण दाबलं तरी काही नाही. घरात ५७, म्हणजे १४ सेल्सिअस. ॲप उघडलं तर तिथे मात्र ६५ दाखवत होतं, खाली बारीक अक्षरात ‘संपर्क तुटला’. तो आकडा दोन तासांपूर्वीचा होता. मी यूएसबीची तार लावून यंत्र चार्ज केलं, तासाभरानं फर्नेस धडधडायला लागली. दुसऱ्या रात्री परत तेच.

फर्नेसच बिघडली असणार, असं मी ठरवून टाकलं. प्रोग्रामर माणूस नेहमी आपल्या कोडबाहेर दोष शोधतो. मिस्त्री बोलावला. त्यानं फर्नेसची वीज बंद करून थर्मोस्टॅटच्या मागची लाल आणि पांढरी तार एकमेकींना जोडली, वीज परत चालू केली. फर्नेस लगेच पेटली. “ही ठणठणीत आहे,” म्हणाला, पैसे घेतले आणि गेला.

बाबा इतका वेळ शेजारी उभे होते. ते वीज मंडळातून निवृत्त झाले. उभा जन्म खांबांवर आणि डीपींवर गेला. इंग्रजी बोलायला लाजतात, पण तारांची भाषा त्यांना कुठलीही कळते. म्हणाले, “ही लाल कुठून येते?”

“खाली ट्रान्सफॉर्मर आहे. २४ व्होल्ट.”

“आणि पांढरी फर्नेसला हुकूम द्यायला. पिवळी-हिरवी?”

“एसी आणि पंखा.”

“अरे, मग न्यूट्रल कुठाय?”

मी बघतच राहिलो. तिकडे त्या तारेला ‘सी’ म्हणतात, ‘सी’ म्हणजे कॉमन. जुन्या गोल थर्मोस्टॅटला तिची गरजच नव्हती, कारण तो नुसता स्विच होता. स्विचला स्वतःला वीज लागत नाही. पण माझ्या यंत्राला पडदा आहे, वायफाय आहे, सेन्सर आहे. त्याला सतत वीज हवी, आणि वीज घेऊन परत सोडायला वाट हवी. ती वाट नसली की ते फर्नेसच्या रिलेमधून अगदी थोडा करंट चोरून आपली बॅटरी भरतं, रिले ओढली जाणार नाही इतका थोडा. याला खरोखरच ‘पॉवर स्टीलिंग’ म्हणतात. मात्र फर्नेस चालू असते तेव्हा स्विचची दोन टोकं जोडलेली असतात, त्यांच्यामध्ये चोरायला व्होल्टेजच उरत नाही. एसीच्या तारेवरूनही थोडं मिळतं, पण आमच्याकडे तेवढ्यानं भागत नव्हतं. म्हणजे थंडी जितकी जास्त तितकी फर्नेस जास्त वेळ चालणार, आणि तितकी बॅटरी भरायला सवड कमी. बॅटरी उतरली की यंत्र आधी वायफाय सोडतं, मग पडदा, मग काम. जी रात्र सगळ्यात गार, नेमकी त्याच रात्री ते मान टाकणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळायचं काही कारणच नव्हतं.

आपल्याकडे ज्यांनी जुन्या घरात स्मार्ट स्विच बसवले असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. भिंतीतल्या बोर्डात बहुधा फेज आणि दिव्याकडे जाणारी तार, एवढंच असतं. न्यूट्रल थेट दिव्याला. मग बिनन्यूट्रलचा स्मार्ट स्विच लावला की बंद केलेला एलईडी अंधारात मिणमिणत राहतो किंवा लुकलुकतो. तीच चोरी. इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी एवढंच विचारा: बोर्डात न्यूट्रल आहे का?

बाबांनी टॉर्च मारून भिंतीतल्या भोकात पाहिलं. केबलच्या आत दुमडून ठेवलेली एक निळी तार होती, कुठेच न जोडलेली. कुणीतरी एसी बसवताना पाच तारांची केबल टाकली असणार. तळघरात तिचं दुसरं टोकही तसंच गुंडाळलेलं सापडलं. वरचं टोक ‘सी’ला, खालचं फर्नेसच्या बोर्डावरच्या ‘सी’ला. दहा मिनिटांचं काम. मला पाऊण तास लागला, कारण वीज बंद करायला विसरून मी लाल तार पत्र्याला टेकवली आणि बोर्डावरचा फ्यूज उडवला. गाडीत असतो तसा छोटा जांभळा तीन अँपिअरचा. बाबा काही बोलले नाहीत. फक्त मेन स्विचकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांच्या हाताखालच्या पोरांना ही नजर चांगली माहीत असणार.

त्या दिवसापासून पडदा परत काळा झाला नाही. पहाटे उगाच साडेपाचला फर्नेस का चालू होते, असं बाबांनी एकदा विचारलं. ते मात्र बिघाड नव्हतं. साडेसहाला ७० व्हायला हवं तर किती आधी सुरुवात करावी याचा ते अंदाज बांधतं. मी ते त्यांना ऐटीत समजावलं. माझ्या लेखी प्रश्न मिटला होता.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी बायको कामावर जायला लागली. सकाळी नऊला आम्ही दोघं एकाच गाडीतून निघायचो, सहाला परत. दुपारी मी घरी फोन करायचो. “कशी आहे छोटी?” “झोपलीय.” “थंडी नाही ना वाजत?” “नाही रे. आहे आपली थोडी.” मी फोनमध्ये शेड्यूल उघडून बघायचो आणि म्हणायचो, “आई, ७० लावलंय, चांगलं गरम आहे.” आई म्हणायची, “असेल हो.”

त्या ‘असेल हो’कडे मी सोळा दिवस लक्ष दिलं नाही.

एके दिवशी दुपारी मोठं बर्फ पडणार असं कळलं म्हणून ऑफिसनं लवकर सोडलं. मी एकटाच आधी घरी आलो. दार उघडलं तर हॉलमध्ये अंगावर कोट असूनही बोचरं वाटलं. मागे स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या ओव्हनचं दार सताड उघडं, आत निळी ज्योत, आणि समोर हातभर अंतरावर खुर्चीत आई बसलेली. दोन स्वेटर, वर शाल, मांडीवर छोटी. छोटीला कुंची आणि दुपट्यात अशी गुंडाळली होती की नाकच दिसत होतं. बाबा शेजारी कानटोपी घालून पेपर वाचत होते. जुनाच, इंदूरहून येताना आणलेला.

“शेगडी केली जरा,” आई म्हणाली. “हिचे हात गार पडले होते.”

मी आधी ओव्हन बंद केला, मग खिडकी उघडली. बाहेर उणे १८ होतं. आई म्हणाली, “अरे, हे काय करतोस?” मी ओरडलोच तिच्यावर. नको होतं ओरडायला.

गॅसचा ओव्हन दार उघडं ठेवून तासन् तास पेटता ठेवला तर ज्वलन नीट होईलच असं नाही, आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. तिकडची घरं गारठ्यासाठी इतकी बंद केलेली असतात की बाहेरची हवा आत येत नाही. आमच्याकडे शयनखोल्यांजवळ त्याचा अलार्म आहे, तो वाजला नव्हता, म्हणून मी आज हे शांतपणे लिहू शकतोय. आपल्याकडेही दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं किंवा दारं लावून ठेवलेल्या शेगडीनं माणसं गेल्याचं आपण वाचतो. तोच हा वायू. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या. हे सांगायला मला इंजिनिअर असायची गरज नाही, पण सांगतो.

खिडकी लावली. चहा झाला. मी विचारलं, “एवढी थंडी वाजत होती तर मला फोनवर सांगितलं का नाही?”

आई छोटीच्या कुंचीची नाडी सारखी करत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही दोघं गेलात की दहा मिनिटांत ते मशीन बंद होतं. रोज. आम्हाला वाटलं, दिवसा तुम्ही कमी करून जाता. गॅसचं बिल येत असेल ना रे खूप. एवढं घर घेतलंय, हप्ते आहेत. दोन म्हाताऱ्या माणसांसाठी कशाला दिवसभर जाळायचा?”

मी बाबांकडे पाहिलं. “तुम्ही तरी वाढवायचं ना.”

“तूच म्हणालास, हात लावू नका,” बाबा म्हणाले. “आणि कुलूप आहे त्याला.”

रागानं नाही म्हणाले. जसं होतं तसं सांगितलं.

रात्री सगळे झोपल्यावर मी पहिल्यांदा शेड्यूल सोडून नोंदी उघडल्या. ऑफिसात ज्युनियर मुलांना मी हेच सांगत असतो: काय व्हायला हवं होतं ते मला दाखवू नका, काय झालं त्याचा लॉग दाखवा. घरी सोळा दिवस मी फक्त काय व्हायला हवं होतं तेच बघत होतो. लॉगमध्ये प्रत्येक कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी एक नोंद होती, मराठीत सांगायचं तर: ‘घरात कोणी नाही.’ आणि लगेच पुढे, तापमान ६०. म्हणजे साडेपंधरा सेल्सिअस. मागच्या स्वयंपाकघराला दोन भिंती बाहेरच्या, तिथे याहून कमी असणार. इंदूरला साडेपंधरा म्हणजे छान हवा, पण तिथे गच्चीवर जाऊन ऊन खाता येतं. मिनियापोलिसच्या जानेवारीत दार उघडायची सोय नाही.

झालं होतं ते असं. यंत्र बसवताना मी एका प्रश्नाला ‘हो’ म्हटलं होतं: घरातल्या माणसांचे फोन बाहेर गेले की गॅस वाचवू का? माणसं म्हणजे खात्यावर नोंदवलेले फोन, आणि ते दोन, माझा आणि बायकोचा. ती रजेवर होती तोपर्यंत एक फोन कायम घरात असायचा, म्हणून काही कळलं नाही. जानेवारीत दोन्ही फोन एकदम गाडीत बसून निघाले. बाबांचा फोन इंदूरचा, फक्त वायफायवर व्हॉट्सॲपपुरता. आईकडे फोन नाही. छोटीला तर काय असणार. फोनशिवाय दुसरा पुरावा म्हणजे यंत्रातलाच हालचालीचा सेन्सर. पण ते लावलंय पुढच्या हॉलमध्ये, आणि आई-बाबा बसायचे मागे, स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत. बाळ झोपलंय म्हणून चवड्यांवर चालायचे. यंत्राच्या हिशोबानं घर रिकामं होतं. चकती एकदा जरी कुणी फिरवली असती तरी त्याला कळलं असतं, पण चकतीला कुलूप मीच घातलं होतं.

यंत्राचा यात दोष काढता येत नाही, म्हणूनच मला झोप येईना. कोडमध्ये चूक असली तर ती दुरुस्त करून मोकळं होता येतं. इथे प्रत्येक ओळ बरोबर चालली होती. कुणी बसवताना विचारलं असतं, ‘तुमच्या घरात कोण कोण राहतं?’ तर मी पाच नावं सांगितली असती. त्यानं विचारलं होतं, फोन कुठले. मी दोन सांगितले.

दुरुस्तीला चार मिनिटं लागली. फोन बघून घर रिकामं ठरवायची सोय बंद केली. सगळेच गावाला जाऊ तेव्हा हातानं लावू. ६० ची खालची मर्यादा वाढवून ६६ केली. कुलूप काढलं. शनिवारी मागच्या खोलीसाठी वेगळा सेन्सर आणून टेबलावर ठेवला, म्हणजे दिवसा हॉलचं नाही, आई-बाबा बसतात तिथलं तापमान धरायचं. तुमच्याकडे एसी किंवा गिझर फोनच्या पत्त्यावर चालू-बंद होत असेल, आणि दिवसा घरी आजी-आजोबा असतील, तर एकदा आत जाऊन ती यादी बघा. पाच मिनिटं लागतील.

सोमवारी सकाळी निघताना मी आईला हॉलमध्ये नेलं. म्हटलं, “हे बघ, हे असं उजवीकडे फिरवायचं. जेवढं हवं तेवढं. गॅसचं बिल किती येतं ते मी तुला दाखवतो, हवं तर आत्ता.” बिल तिनं खरंच बघितलं. डॉलरचे रुपये केले, गप्प झाली, मग म्हणाली, “तरी काय, मुलीपेक्षा जास्त आहे का?” दुपारी फोन केला तेव्हा विचारलं, किती आहे? “७२,” ती म्हणाली. “मी ७१ म्हणत होते, ह्यांनी एक वाढवला.”

बाबांच्या फोनमध्येही ते ॲप टाकून दिलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढचे दोन महिने खुर्चीतून न उठता ते घर तापवत होते. मे महिन्यात दोघं इंदूरला परत गेले. ॲप काढायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, आणि नंतर काढावंसं वाटलं नाही. जुना गोल थर्मोस्टॅट अजून खणात आहे, पाऱ्यामुळे तो कचऱ्यात टाकता येत नाही. बाबा जाताना म्हणाले होते, “राहू दे, चालू वस्तू आहे.”

आता इकडे परत गारठा सुरू झालाय. मागच्या शनिवार-रविवारी आम्ही तिघं एका मित्राकडे दुसऱ्या गावी गेलो होतो. निघताना मी हातानं ६२ लावलं. रात्री जेवताना बाबांचा फोन आला. इंदूरला सकाळ, मागे कुकरची शिट्टी.

“अरे, ६२ दाखवतंय. घरात कोणी नाही का?”

“नाही बाबा. खरंच कोणी नाही. आम्ही बाहेरगावी आलोय.”

“बरं, मग राहू दे,” ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.